मुळातच!

२० मे २०१९ रोजी सोमवार होता. आदल्या दिवशी लोकसभेच्या मतदानाचा सातवा आणि शेवटचा टप्पा पार पडला होता आणि रविवारी संध्याकाळपासून एक्झिट पोलवाले घसा फोडफोडून कोण येणार ते सांगत होते. अशा सोमवारी बँकेच्या शाखेत चर्चा कशावर होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सगळी मंडळी डबा पिशवीत आणि मतं ओठांवर घेऊन आली होती. पण पाहतात तो काय, लोन सेक्शनची आमची नवी पोरगी डोळे सुजवून बसलेली.

आमचे हेड कॅशियर हे मुळात कनवाळू. कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की खांदा द्यायला सर्वांत पुढे. ते तिच्या टेबलापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "काय गं, कोण गेलं?"

"राणी गेली, सर."

"अरेरे! बहीण का?"

"नाही हो. तिला मारलं. तिच्या भाच्यानंच मारलं. जवळ घेतलं आणि सुरा खुपसला."

हेड कॅशियर मटकन खुर्चीत बसले. "अगं, मग पोलीस?"

"पोलीस कुठले! ड्रॅगन आला, त्यानं सिंहासन वितळवलं आणि तिला उचलून घेऊन गेला."

त्यानंतर हेड कॅशियरांचा जो चेहरा झाला, तो मी आजतागायत विसरलेलो नाही. बावीस लाखांची कॅश मोजताना हजाराची नोट खोटी निघाली तेव्हासुद्धा तो तसा झाला नव्हता. ते उठले, केबिनकडे बघत मोठ्यांदा म्हणाले, "गोष्टीतली बाई मेली म्हणून रडतात! उद्या देश कुणाच्या हातात जाणार त्याची फिकीर नाही!" आणि कॅशच्या पिंजऱ्यात जाऊन त्यांनी आतून कडी घातली.

मी मात्र गप्प राहिलो. कारण सकाळी साडेसहा वाजता, म्हणजे अमेरिकेत रविवारचे रात्रीचे नऊ वाजत असताना, आमच्या घरीही दोन जण टीव्हीसमोर बसलेले होते. एक आमच्याकडे शिकायला राहिलेला माझा भाचा आणि दुसरा त्याचा मामा. मामाने त्या दिवशी दूध आणलं नव्हतं, दाढी केली नव्हती, आणि 'भाच्याने सुरा खुपसला' हे दृश्य बघताना शेजारच्या भाच्यापासून तो वीतभर लांब सरकला होता.

ज्यांनी 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जॉर्ज मार्टिन नावाचे एक अमेरिकन लेखक आहेत. १९९६ पासून त्यांची एक कादंबरीमालिका प्रसिद्ध होते आहे. पाच ग्रंथ झाले, त्यांतला पाचवा २०११ साली आला, आणि सहाव्याची वाट बघता बघता वाचक पिकले. त्याच २०११ साली एचबीओ या कंपनीनं त्यावर दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. वेस्टेरॉस नावाचं काल्पनिक राज्य, तिथलं लोखंडी सिंहासन, ते बळकावायला टपलेली घराणी, उत्तरेला बर्फाची भिंत आणि भिंतीपलीकडे चालती प्रेतं. आठ पर्वं, ७३ भाग. ज्याला आपण नायक समजावं त्याचं मुंडकं पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात उडतं, यावरून बाकीच्यांच्या विम्याचे हप्ते काय असतील ते समजावं. पुस्तक संपायच्या आत मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली. बेनिऑफ आणि वाइस या दोन निर्मात्यांना मार्टिनसाहेबांनी शेवटाचा ढोबळ आराखडा सांगून ठेवला होता. आता ढोबळ आराखडा म्हणजे काय, हे ज्यानं बिल्डरकडून फ्लॅट घेतलाय त्याला सांगायला नको.

तर शेवट झाला आणि जगभर भांडणं लागली. त्यात मी आज पडतो आहे. उशिरा पडतोय, कबूल. पण बँकेच्या माणसाला मागच्या तारखेच्या नोंदी तपासायची खोड असते.

पहिला हिशेब हेड कॅशियरांशी. 'गोष्टच ती, एवढं काय भांडायचं' असं म्हणणाऱ्या लोकांचा एक मोठा पंथ आपल्याकडे आहे. या पंथाचे लोक स्वतः कशावरून भांडतात ते बघावं. लिफ्टच्या देखभालीचा खर्च तळमजल्यानं द्यावा की नाही यावर आमच्या हेड कॅशियरांचं सोसायटीत नऊ वर्षं भांडण चालू आहे, आणि ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात. शिवाय हेच गृहस्थ दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा रविवारी सकाळी आंघोळ करून टीव्हीला हार घालून बसत, असं त्यांनी स्वतःच एकदा सेवानिवृत्तीच्या भाषणात (दुसऱ्याच्या) सांगितलं होतं.

आणि रामायणावरून आठवलं. मालिकेच्या शेवटावरून प्रेक्षकांनी उठाव करणं हे अमेरिकनांनी शोधून काढलेलं नाही. १९८८ साली रामायण मालिका रामराज्याभिषेकावर संपणार असं ठरलं, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांचं म्हणणं, उत्तरकांड दाखवा. का? तर ते वाल्मीकींना आपलं दैवत मानत, आणि ज्या कांडात खुद्द वाल्मीकी येतात, सीतेला आसरा देतात, लवकुशांना वाढवतात, तेच तुम्ही गाळता? संप दुसऱ्या शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग चढले आणि सरकारनं उत्तर रामायण करून दाखवलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं शेवटचं पर्व नव्यानं आणि लायक लेखकांकडून लिहून घ्या, या मागणीच्या अर्जावर १५ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि एक मिनिटही नव्यानं चित्रित झालं नाही. यावरून सहीपेक्षा झाडूत जोर जास्त आहे हे तर सिद्ध होतंच. पण मला दुसरं म्हणायचंय. त्या कामगारांनी शेवट बदला असं म्हटलं नव्हतं. 'जी पानं गाळलीत ती दाखवा' असं म्हटलं होतं. हा फरक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कारण दुसरा हिशेब त्या १५ लाख सह्यावाल्यांशी आहे, आणि इथं मला थोडं ओशाळून सांगावं लागतं की त्यांतली एक सही माझी आहे. भाच्यानं फोन पुढे केला आणि मी केली. दिवसाला दोनशे सह्या पडताळून बघणारा मी, स्वतः काय सही करतोय ते वाचलं नाही. ग्राहकांना आम्ही जे बजावतो तेच.

सह्यावाल्यांच्या तक्रारी काय होत्या? एक म्हणजे अंधार. शेवटच्या पर्वाचा तिसरा भाग, ८२ मिनिटांची लढाई, इतकी काळोखात की आमच्या सौ. दोनदा उठून मीटर बघून आल्या. छायाचित्रकार म्हणाले की दोष तुमच्या टीव्हीच्या सेटिंगचा आहे. हे उत्तर मला फार ओळखीचं वाटलं. 'सर्व्हर डाउन' असताना आम्हीही ग्राहकाला 'तुमच्या मोबाइलला रेंज नाही का?' असंच विचारतो. दुसरी तक्रार त्या कॉफीच्या कपाची. चौथ्या भागात राणीसमोरच्या टेबलावर कुणीतरी हल्लीचा कागदी कप विसरलं होतं, तो नंतर पुसून टाकावा लागला. यावर लोकांनी इतकं हसायचं कारण नव्हतं. आमच्या शाखेत लक्ष्मीपूजनाच्या फोटोत देवीच्या बाजूला हेड कॅशियरांचा चहाचा ग्लास दर वर्षी येतो.

तिसरी तक्रार नव्या राजाची. सिंहासनासाठी आठ वर्षं रक्ताचे पाट वाहिले आणि शेवटी राजा कोण, तर ब्रॅन. हा ब्रॅन पहिल्याच भागात खिडकीतून ढकलला गेला आणि कायमचा अधू झाला. मग त्याला दिव्यदृष्टी मिळते, भूतकाळ दिसतो वगैरे. मात्र २०१५ सालचं अख्खं पाचवं पर्व हा मनुष्य पडद्यावर एकदाही आलेला नाही. आमच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. हे एकच वर्ष असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या त्याचं खातं चालू होतं असं मी भाच्याला सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही. ज्याची गोष्ट सर्वांत जबरदस्त त्याला राजा करा, अशी सूचना टिरियन मांडतो आणि जमलेले सरदार होकार देतात. त्याआधी एक भाबडा जीव सुचवतो की राजा सगळ्या लोकांनीच का निवडू नये? त्यावर सरदार पोट धरधरून हसतात. आणि हे आम्ही बघत होतो कधी, तर ९० कोटी मतदारांच्या निवडणुकीचं शेवटचं मतदान आटोपून बारा तास झाले होते आणि माझ्या बोटावरची शाई महिना होऊनही पुरती गेली नव्हती. मला हसू आलं नाही.

पण या सगळ्या किरकोळ खर्चाच्या बाबी. मुद्दलाचा प्रश्न वेगळाच आहे. शेवट दुःखी झाला म्हणून लोक चिडले, असं काही विद्वान म्हणतात. साफ खोटं. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, म्हणजे या प्रकरणाच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी. त्यात सिंधू मरते, मूल मरतं, सुधाकर विष घेतो. यापेक्षा दुःखी काय पाहिजे? पण 'शेवटचा अंक पुन्हा लिहा' असा अर्ज कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कारण गडकऱ्यांनी सुधाकरला ढकलून दिलेला नाही. भर कोर्टात झालेला अपमान, सनद जाणं, तळीरामाचं बोट धरून घेतलेला पहिला पेला, अशी एकेक पायरी त्याला उतरवलं आहे, आणि प्रत्येक पायरीवर आपण मनातल्या मनात 'अरे, थांब रे बाबा' म्हणत असतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नोंदीला व्हाउचर आहे.

आता डेनेरिसचं खातं उघडू. ही आमच्या लोन सेक्शनची राणी. वेड्या म्हणून ठार झालेल्या राजाची मुलगी. भावानं तिला एका टोळीवाल्याला जवळजवळ विकलेली. तिथून ती उठते, आगीतून तीन ड्रॅगन घेऊन बाहेर येते, गुलामांच्या बेड्या तोडत शहरामागून शहर जिंकते. आठव्या पर्वाच्या पाचव्या भागात ती राजधानीवर चाल करते. शहर शरण येतं, शरणागतीच्या घंटा वाजतात. युद्ध जिंकलेलं आहे. आणि त्या घंटा ऐकता ऐकता ही बाई ड्रॅगनवर बसून गल्ल्यागल्ल्यांतून पोराबाळांसकट सगळं शहर जाळते. घंटा ऐकतानाचा चेहरा दाखवतात. एकदा ती उडाली की त्या भागात तो चेहरा पुन्हा दिसत नाही.

इथं आमच्या लंच रूमचे दोन तट पडले. लोन सेक्शन म्हणे, अशी ती नव्हतीच. आणि आयटी ऑफिसर, जो कुठलाही प्रश्न 'रीस्टार्ट करून बघा' म्हणून सोडवतो, तो म्हणाला, "मुळातच तशी होती. तुम्ही नीट पाहिलं नाही. १६३ मालकांना तिनं खांबावर ठोकलं होतं की नाही? युद्धकैदी बापलेकांना जाळलं होतं की नाही? बापाचं रक्त, दुसरं काय!" त्या घराण्यात मूल जन्मलं की ते थोर निघणार की वेडं, हे नाणेफेकीवर ठरतं असा वेस्टेरॉसमधला समज आहे म्हणे. आणि गंमत म्हणजे निर्मात्यांनाही ती शंका आली असावी; कारण शहर जळण्याच्या त्या भागाच्या आधी 'मागील भागांत' म्हणून जी उजळणी दाखवतात, तिच्यात त्यांनी राणीच्या चेहऱ्यावर जुन्याजुन्या पात्रांचे त्या वेडाबद्दलचे आवाज ऐकवले. याला आमच्याकडे मागल्या तारखेचं व्हाउचर म्हणतात, आणि त्यावरून माणसं निलंबित होतात.

मी आयटी ऑफिसरला म्हटलं, बाबा रे, तू खात्याची फक्त नावे बाजू वाचतोयस. जमा बाजू कुणी वाचायची? ते १६३ मालक का ठोकले, तर त्यांनी १६३ गुलाम पोरं रस्त्यावर ठोकली होती म्हणून. क्रूर आहे, पण व्हाउचर आहे. आणि चौथ्या पर्वाच्या शेवटी काय होतं? तिच्या ड्रॅगननं एका शेळ्यामेंढ्यांवाल्याची चिमुरडी जाळली. तो बाप जळलेली हाडं घेऊन दरबारात येतो. त्या एका पोरीसाठी ही राणी स्वतःच्या लेकरांसारख्या दोन ड्रॅगनना तळघरात नेऊन साखळदंडानं बांधते आणि रडत बाहेर येते. जिनं आयुष्यभर साखळ्या तोडल्या तिनं स्वतःच्या हातानं साखळ्या घातल्या, एका अनोळखी मुलीसाठी. ही नोंद तुझ्या 'मुळातच'मध्ये कुठं बसते? त्या मुलीसाठी रडणारी बाई हजारो मुलं जाळू शकते का? शकते. माणूस काहीही करू शकतो, पंचवीस वर्षं काउंटरवर बसलो नसलो तरी बावीस बसलोय. पण तो तिथवर कसा पोचला, ते दाखवा ना! पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची. सातवं सातचं आणि आठवं सहाचं. पूर्वी एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जायला आख्खं पर्व लागायचं. शेवटी शेवटी भिंतीपलीकडून निरोप निघतो आणि राणी ड्रॅगन घेऊन हजर, आमची एसटी स्टँडवरून सुटायच्या आत. एचबीओ आणखी भाग द्यायला तयार होती. या दोघांनाच आटपायचं होतं. मार्चएंडची रात्र मी ओळखतो. हिशेब जुळत नसला की जेवढा फरक असेल तेवढा 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकायचा, ट्रायल बॅलन्स जुळवायचा आणि शेवटची लोकल पकडायची. त्यात गैर काही नाही, पण एप्रिलमध्ये त्याचा छडा लावावा लागतो. या लोकांनी सस्पेन्स अकाउंटलाच 'मुळातच' असं नाव दिलं आणि मोकळे झाले.

आयटी ऑफिसर म्हणाला, "सर, तुम्ही फारच मनावर घेता." खरं आहे. घेतो. आणि ते का, हे त्या दिवशी लंच रूममध्ये मी सांगितलं नाही.

माझे आप्पामामा, आईचे मधले भाऊ, प्यायचे. नाटकातल्यासारखं नाही, साधं, रोज संध्याकाळी, कामावरून येताना. मी २००३ साली बँकेत लागलो त्याच वर्षी त्यांनी सोडली. कुणी शपथ घातली नाही, देवळात गेले नाहीत. बँकेत आले आणि मला म्हणाले, "तुझ्या त्या पिग्मीवाल्याला पाठव रोज. तीस रुपये देत जाईन. तेवढ्याचीच लागायची." तेव्हापासून पिग्मीवाला रोज संध्याकाळी साडेसहाला, बरोबर त्या वेळेला, त्यांच्या दारात. पाच वर्षांचं एक पुस्तक भरलं, त्यातून मामेबहिणीची इंजिनिअरिंगची एक वर्षाची फी गेली. पाच वर्षांचं दुसरं भरलं, त्यातून घरावरची कौलं उतरवून स्लॅब पडला. थोडी भर मामीच्या पाटल्यांची. तिसरं पुस्तक वर्षभर भरलं. मग एका मंगळवारी पिग्मीवाला आला आणि मामा म्हणाले, "आज राहू दे." मामी अजून सांगते, त्या आठवड्यात काहीही घडलं नव्हतं. भांडण नाही, आजार नाही, कुणी पाहुणा नाही. त्यानंतर सात महिने. यकृतानं आधीचा सगळा हिशेब लक्षात ठेवला होता.

तेराव्याला सगळे जमले. बुंदी होती, मठ्ठा होता. जेवता जेवता एक दूरचे काका म्हणाले, "काय करणार, मुळातच तसा होता तो." आणि पंगतीतल्या चारपाच माना हलल्या. त्याच स्लॅबखाली बसून हलल्या. वर बघायची कुणाला गरज वाटली नाही.

आता कुणी म्हणेल, मग तुमच्याच मामाच्या खात्यात व्हाउचर कुठं आहे? नाही. त्या मंगळवारचं व्हाउचर कुणाकडेच नाही. आयुष्यात हरवतात तशी. म्हणून तर माणूस जागरण करून गोष्ट बघतो. ज्याला कागद कोरा मिळालाय, पैसा मिळालाय, आठ वर्षं मिळालीत, तोसुद्धा जर त्या काकांसारखाच पंगतीत बसून 'रक्तातच होतं' म्हणणार असेल, तर त्याच्यात आणि काकांत फरक एवढाच, की काकांनी मठ्ठा फुकट प्यायला आणि यांनी पैसे घेतले.

म्हणून मला राणीपेक्षाही जेमीचा राग आला. म्हणजे जेमीचा नव्हे, त्याच्या लेखकांचा. ब्रॅनला खिडकीतून ढकलणारा तो हाच, सख्ख्या बहिणीशी संबंध असलेला, राजाला पाठीत तलवार खुपसून मारणारा. पहिल्या पर्वात त्याच्याइतका नालायक कुणी नाही. मग त्याचा तलवारीचा हात तुटतो आणि तिसऱ्या पर्वात तो ब्रिएन नावाच्या त्या उंचनिंच, सरळ बाईला सांगतो की तो वेडा राजा अख्खं शहर जाळणार होता, म्हणून मी त्याला मारलं. तिथून हा माणूस हळूहळू, धडपडत, पुन्हा पडत, माणसांत येतो. शेवटच्या पर्वात तो ब्रिएनला सरदारकीची वस्त्रं देतो. तो भाग बघताना आमच्या सौ.सुद्धा पोळ्या टाकून बाहेर आल्या होत्या. आणि त्यानंतर दोनच भागांत तो ब्रिएनला रडती सोडून बहिणीकडे परत जातो आणि तिच्यासह ढिगाऱ्याखाली मरतो. परत गेला, जाऊ दे. माझा मामाही गेला. पण जाता जाता लेखकांनी त्याच्या तोंडी असं घातलं की शहरातल्या लोकांची मला कधीच पर्वा नव्हती. अहो, कधीच? मग राजाला मारलं ते कशासाठी? ज्या एका जमेवर त्याचं सगळं खातं उभं होतं, तीच तुम्ही त्याच्याच हातानं खोडलीत! पडलेला माणूस पडला म्हणा. तो कधी उभाच नव्हता असं म्हणू नका.

यावर माझा भाचा म्हणाला होता, "मामा, इट वॉज ऑल्वेज देअर. मुळातच तसा होता." आणि मी त्याच्यावर ओरडलो. मालिकेवरून ओरडलो असं त्याला वाटलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पुढे सप्टेंबरात त्या पर्वाला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पारितोषिकही मिळालं. हेड कॅशियरांनी ते पेपरात वाचून मला मुद्दाम दाखवलं. मी म्हटलं, आमच्या शाखेलाही ज्या वर्षी ऑडिटनं धुतलं त्याच वर्षी ढाल मिळाली होती.

पण एक गोष्ट मला त्या दोघा निर्मात्यांच्या नावे जमा करायलाच हवी, नाहीतर मीही काकाच. शेवटच्या भागात एक छोटंसं दृश्य आहे. राजाच्या रक्षकांची एक जाडजूड वही असते, त्यात प्रत्येकाचं एक पान. जेमीचं पान जवळजवळ कोरं. ब्रिएन, जिला तो रात्री सोडून गेला ती, ती वही उघडते, दौतीत टाक बुडवते आणि त्याच्या नावावर एकेक नोंद चढवत जाते. कुठला किल्ला घेतला, कुणासाठी हात गमावला, कुठं शब्द पाळला. शेवटची ओळ लिहिण्यापूर्वी जरा थांबते, मग तीही लिहिते आणि वही मिटते. आठ वर्षांत या मालिकेत पहिल्यांदाच मला कुणीतरी आमच्या खात्यातलं भेटलं.

पुढच्या रविवारी भाचा ते दृश्य पुन्हा लावून बसला होता. अबोला सुटायला काहीतरी निमित्त हवंच होतं. "मामा, बघ, शाई ओली असताना वही मिटली हिनं! पान खराब नाही होणार? सगळे हसतायत यावर." मी म्हटलं, पूर्वी लेजरात टीपकागद असायचा, लिहिलं की दाबायचा. त्याला टीपकागद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दाखवायला म्हणून मी कपाटाचा खालचा खण उघडला. टीपकागद मिळाला नाही. मामीनं दाव्याची कागदपत्रं झाल्यावर माझ्याकडेच ठेवायला दिलेलं पिग्मीचं तिसरं पुस्तक मिळालं.

"हे कुणाचं?"

"तुझ्या मामाआजोबांचं."

त्यानं ते हातात घेतलं, चाळलं, आणि वर्षभराच्या नोंदींनंतरची कोरी पानं अंगठ्यानं सरसर सोडत म्हणाला, "हे तर सगळं रिकामंच आहे."

"उलटं धरलंयस," मी म्हटलं. "पुढून बघ."